लग्नाच्या दिवशीचं भोक

लेकीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी ड्रिलमास्तर घरातून निघाले ते खांद्यावर मशीन टाकून. अंगात इस्त्रीचा नवा शर्ट आणि पायात कामाचे बूट. बायकोनं दारातच अडवलं.

"आज कुठे निघालात?"

"एक भोक पाडून येतो."

"आज?"

"भोकाला काय मुहूर्त लागतो?"

बायको दारातून बाजूला झाली. हे भोक उद्यावर ढकलता आलं असतं, हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे मास्तरांनाही कळत होतं. लग्न साधं होतं. नोंदणी कचेरीत जायचं, सह्या करायच्या, पेढा नाही की पंगत नाही. पण लेकीनं एक अट घातली होती. साक्षीदार म्हणून पहिली सही बाबांची. बाबा आले नाहीत तर मी लग्न न करता घरी येईन, आणि मग आयुष्यभर तुमच्यासमोर बसून राहीन, असं तिनं शांतपणे सांगितलं होतं. मास्तर त्यावर 'बघू' म्हणाले होते. बापांच्या 'बघू'ला काही अर्थ नसतो, हे मुलींना लहानपणापासून माहीत असतं.

नवरा मुलगा वाईट नव्हता. निर्व्यसनी, कामाला वाघ, बोलायला मऊ. त्याचा गुन्हा एकच, तो गिलावा करायचा. आणि मास्तरांचा गिलावेवाल्यांवर जुना दात होता. मास्तरांनी आयुष्यभर भोकं पाडली. पाण्याच्या नळांची, विजेच्या तारांची, धुराड्यांची, जाडजूड काँक्रीटमधून लोणी कापावं तशी. आणि प्रत्येक वेळी मास्तरांची पाठ वळली की कुणीतरी गिलावेवाला थापी घेऊन यायचा आणि कडा लिंपून टाकायचा. "शिंप्याचा सदरा लोक घालून मिरवतात," मास्तर म्हणायचे. "सुताराची खुर्ची दिसते. माझं एक भोक दाखवा मला या गावात." आणि अशा पुसून टाकणाऱ्या जातकुळीच्या माणसाला पोटची पोर द्यायची?

तर मास्तर कामावर गेले. काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे होतं. त्यांना खोली गार करण्याचं यंत्र बसवायचं होतं आणि त्याच्या नळीसाठी बाहेरच्या भिंतीला भोक हवं होतं. काकूंनी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती, अगदी नीट, खिडकीशेजारी. काकू स्वयंपाकघरात गेल्या. मास्तरांनी कानात बोळे घातले, मशीन उचलली, आणि बरोबर समोरच्या भिंतीला लावली. फुली त्यांच्या पाठीमागे राहिली.

अशी चूक मास्तरांच्या हातून आजवर झाली नव्हती. पण हात भिंतीवर आणि मन कचेरीत असलं की असं होणारच. मशीन गुरगुरत आत शिरली, काँक्रीटची भुकटी नव्या शर्टावर उडाली, आणि मग एकाएकी आत काहीतरी कट्‌ झालं. मशीनचं पोलादी टोक, ज्याला बिट म्हणतात, ते दोन लोखंडी सळयांच्या मध्ये सापडलं. मशीन थांबली. पुढे जाईना, मागे येईना. हादऱ्यानं भिंतीवरची मोठी तसबीर खाली पडली आणि तिच्यामागे छतापासून जमिनीपर्यंत एक भेग दिसली.

काकू धावत आल्या. भेग पाहून त्यांनी छातीला हात लावला. खरं तर ही भेग त्यांच्या ओळखीची होती, तसबीर त्यांनी तिच्यासाठीच तर आणली होती. पण इतकी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट आता कोणत्या तोंडानं सांगायची? "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना हाक मारायला गेल्या.

सेक्रेटरी आले ते मेव्हण्याला घेऊन. मेव्हणा इंजिनिअर होता. कशाचा, ते कुणी विचारलं नाही. पुढे कळलं की तो बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं बंद करणाऱ्या यंत्रावर होता. उंटावरच्या शहाण्यानं भेगेकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, एक डोळा मिटून मास्तरांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सोडू नका."

"काय?"

"मशीन सोडू नका. भिंतीचा भार आता तुमच्या हातावर आलाय. तुम्ही सोडलंत तर भेग उघडेल."

"किती वेळ धरू?"

"मी विचार करून सांगतो," असं म्हणून तो विचार करायला घरी गेला आणि मग जेवायला बसला.

बातमी जिन्यानं वर गेली आणि खाली आली. पहिल्या मजल्यावरच्यांनी दागिने बाहेर काढले, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी टीव्ही. मग सगळे मास्तरांना पाहायला आले. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांकडे लोक इतक्या आदरानं पाहत होते. कुणी पाठीला उशी लावली, कुणी पेल्यातून पाणी पाजलं. एका बाईनं तर त्यांच्या कपाळाचा घाम स्वतःच्या पदरानं पुसला. सेक्रेटरी सगळ्यांना दबक्या आवाजात सांगत होते, "ह्यांच्या जोरावर उभे आहोत आपण."

बिटचं टोक पलीकडच्या घरात निघालं होतं. तिथे एक आजोबा राहायचे. त्यांच्या सुनेनं घरात खिळा ठोकायची सक्त मनाई केली होती, त्यामुळे आजोबांचा कोट वर्षानुवर्षं दाराच्या कडीला नाहीतर खुर्चीच्या पाठीला असायचा. आज भिंतीतून हे आयतं पोलाद बाहेर आलं. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आयत्या बिळावर नागोबा व्हावं तसा कोट त्यावर अडकवला. थोडा वेळ ते नुसतेच त्याच्याकडे बघत बसले. मग सेक्रेटरींनी जिन्यातून ओरडून विचारलं, "आजोबा, तुमच्या बाजूनं भिंत कशी आहे?"

"फुगलीय," आजोबा म्हणाले. "मशीन मुळीच हलवू नका म्हणावं."

मास्तर इकडे उभे. बाराच्या आत कचेरीत पोचायचं होतं, कारण दुपारनंतर ती बंद व्हायची. सुरुवातीला त्यांना खरंच भीती वाटली. मग त्यांना शिंक आली. भुकटीनं नाक हुळहुळलं, आणि शिंकताना दोन्ही हात मशीनवरून सुटले. मशीन तशीच राहिली. भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखी, जराही न हलता. भेगही होती तेवढीच. मास्तरांनी हळूच सभोवार पाहिलं. सगळे आजोबांचं ऐकायला जिन्यात गेले होते. त्यांनी मुकाट्यानं मशीन पुन्हा धरली.

आता सांगायला हरकत नाही, मास्तरांना त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. सोडता येतंय म्हणून मुळीच नाही. जाता येत नाही म्हणून सांगायला एक सबब मिळाली होती, आणि तीही अशी की सगळी इमारत त्यांच्या पाया पडत होती. इमारत वाचवणाऱ्या माणसाला लेकीच्या लग्नाला का आला नाहीस म्हणून कोण विचारणार?

लेक विचारणार. ती आली.

लग्नाच्या साडीत, केस नीट विंचरलेले, पण चेहरा उतरलेला. मागे गिलावेवाला, त्याचाही शर्ट नवा. बायकोनं पत्ता दिला असणार. लोकांनी त्यांना वाट करून दिली. लेकीनं उशी पाहिली, पाण्याचा पेला पाहिला, मशीन पाहिली.

"बाबा, चला."

"कसा येऊ? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इमारत आहे बाळ, पोरंबाळं राहतात इथे."

"तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा. भिंतीच्या आड लपू नका."

"मी लपलोय? मी सगळ्यांच्या देखत उभा आहे."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "मी घटकाभर धरलं असतं, पण माझी कंबर..." आणि त्यांनी कंबर दाखवली. मग सगळ्यांनाच आपापली दुखणी आठवली. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाला भुकटीची ॲलर्जी. तसंही मास्तरांनी मशीन कुणाला दिली नसती. ड्रिलवाला दातांचा ब्रश आणि अडकलेली मशीन दुसऱ्याच्या हातात देत नाही. मास्तरांच्या उस्तादानं हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मास्तरांनी ते मोडलं नव्हतं.

तेव्हा गिलावेवाला पुढे झाला. बाह्या दुमडत म्हणाला, "मी धरतो, मास्तर. तुम्ही दोघं जा, सही करून या. तुम्ही परत आलात की मशीन तुमच्याकडे, आणि मग मी जाऊन माझी सही करतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशेब अगदी सरळ होता. मास्तरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. थापी धरून धरून तळव्यांना घट्टे पडलेले हात. उस्ताद आठवला. पण समोर लेक पदरानं डोळे पुसत होती, आणि काही झालं तरी ती त्यांची लेक होती. मास्तर बाजूला सरकले.

"घट्ट धर," ते म्हणाले. "जोर कमी करू नकोस."

"नाही करत," गिलावेवाला म्हणाला.

बापलेक रिक्षानं निघाले. कचेरीत रांग सरत आली होती. लाकडी बाक, गोंदाचा वास, वर मंद फिरणारा पंखा, आणि मास्तरांच्या अंगावरची भुकटी त्या पंख्यानं सगळ्या बाकावर पसरलेली. नोंदणी अधिकारी चष्म्यातून बघत म्हणाले, "नवरी आली. साक्षीदार आला. नवरा कुठाय?"

"भिंत धरून उभा आहे," मास्तर म्हणाले.

"कसली भिंत?"

मास्तरांनी सांगितलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्या खुर्चीसमोर आजवर यापेक्षा चमत्कारिक गोष्टी सांगितल्या गेल्या असतील. "तुम्ही आधी सही करा, तो नंतर करेल, असं इथे चालत नाही," ते म्हणाले. "नवरा, नवरी, साक्षीदार, सगळे एकाच वेळी माझ्यासमोर हवेत."

"पण मग मशीन कोण धरणार?" मास्तर म्हणाले.

"ते मी कसं सांगू? पुढचं जोडपं आत घेतोय. ते झालं की मी कुलूप लावतो."

मास्तर मटकन बाकावर बसले. बघा कसं जुळून आलं होतं. ते इथे असले की जावई तिथे, जावई इथे आला की ते तिथे. मशीन एकाला सुटत नव्हती आणि कचेरीला दोघे हवे होते. बापानं काहीही न करता लग्न मोडणार होतं, आणि कुणी त्यांना बोल लावू शकलं नसतं. मनातल्या मनात ज्याची वाट पाहिली होती, ते आयतं समोर येऊन बसलं होतं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि समोरच्या जोडप्याच्या सह्या होताना बघत होती. पेन कसं देतात, कुठे वाकतात, सगळं. शाळेत दुसऱ्याचा डबा उघडताना ती असंच बघायची. आपण नालायक आहोत, असं मास्तरांना स्वच्छ वाटलं. त्यांनी खिशातून फोन काढून जावयाला लावला.

पलीकडे घंटी बराच वेळ वाजली. मग सेक्रेटरींचा आवाज आला, "जावईबापूंचे हात गुंतलेत, मी त्यांच्या कानाला लावतो."

"मास्तर?" गिलावेवाला म्हणाला. आवाजात दम लागला होता.

"सोड," मास्तर म्हणाले.

"काय सोडू?"

"मशीन. सोड आणि ये. इथे तुझ्यावाचून अडलंय."

"आणि भिंत?"

मास्तरांनी बाकावरची भुकटी बोटानं पुसली. लेक आता त्यांच्याकडे बघत होती. "भिंतीला काही होत नाही," ते म्हणाले. "मला सकाळीच कळलं होतं. शिंकताना हात सुटले माझे. ती आपली आपण अडकलीय, तिला धरायची गरजच नाही. मी उगाच धरून उभा होतो."

शिव्या आल्या असत्या तर मास्तरांनी त्या निमूट खाल्ल्या असत्या.

"मलाही कळलं होतं," गिलावेवाला म्हणाला. "हातात घेतली तेव्हाच."

"मग गाढवा, सोडून आला का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी स्वतःच्या हातानं दिलं होतं," तो म्हणाला. "सोडवेना."