चांदरीचा पान्हा

खुशालराव पाटील सोताच्या पायानं आमच्या दारात आला, तवाच मी समजली, याचं काहीतरी अडलं. नाहीतर त्याचा गडी यायचा अन् दुरूनच "डोम्या!" म्हणून हाक मारायचा. त्या दिवशी, बाप्पा, पाटील विचारते कसा, "डोमाजी हाय का घरी?"

डोमाजी म्हंजे आमचा बुढा, माहा नवरा. अडलं की नावाले 'जी' लागते, हे मले तवा कळलं.

आमी बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमचं गाव मोर्शीपासून आत. पाटलाची लेक वच्छला बाळंतपणाले माहेरी आली होती. पोरगी झाली अन् वच्छलाले ताप भरला. तिले अमरावतीच्या दवाखान्यात नेलं अन् तान्ही पोरगी आजीजवळ, रुख्मिणीजवळ, ठेवली. गावात जनावरांवर खुरकुताचा रोग आलेला, सारी दुभती जनावरं आटलेली. पाटलाची चांदरी म्हैस तेवढी वाचली होती, तिच्याच दुधावर लेकरू जगून राहिलं होतं. अन् त्या सकाळी चांदरीचं पारडू मेलं. चांदरीनं पान्हा चोरला. कासेले हात लावू देईना, लाथा झाडे. दुधाच्या डब्यासाठी माणूस मोर्शीले धाडला होता, पण तो बाजाराच्या दिवशीच्या मोटारीबिगर परतणार नव्हता.

अशा वक्ती आमच्याकडे एक रीत होती. मेल्या पारड्याचं कातडं काढायचं, त्यात कुटार, म्हंजे भुसा, भरायचं अन् ते म्हशीपुढे उभं करायचं. म्हैस त्याले चाटे अन् पान्हा सोडे. कातडं काढायचं काम आमचं. दुसरा कोणी मेल्या ढोराले शिवत नसे. पण दीक्षा घेतली तवा साऱ्या वस्तीनं ठरवलं होतं, मेलं ढोर ओढणार नाही अन् सोलणार बी नाही.

"एक डाव, डोमाजी," पाटील म्हणे. "लेकराच्या जिवासाठी. मी कोणाले सांगत नाही."

आमचा बुढा मनाचा लोण्यासारखा. तो उठला अन् वळचणीतली सुरी काढाले गेला. माही तळपायाची आग मस्तकाले गेली. मी दारात आडवी झाली.

"ठेवा ती खाली! आज लेकरासाठी, उद्या लग्नासाठी, परवा गावासाठी. मंग दीक्षा कायले घेतली?"

"अवं, पोरगी मरन ना!" बुढा म्हणे.

"मंग पाटलानं काढावं. दोन हात त्याले बी हायेत."

पाटलाचं तोंड उतरलं. बुढ्याच्या हातात सुरी तशीच. मी बोलली खरी. पण लेकरू कोणाचं बी असो, भुकेले जात नसते.

आमचा धर्मपाल सुटीत घरी आलेला. अमरावतीच्या कॉलेजात शिके, पुढे जनावरांच्या डॉक्टरीले जायचं म्हणे. तो ओट्यावरून बोलला, "बाबा, कातड्याचं कामच नाही."

"काय म्हणतं?" बुढा म्हणे.

"दूध कातड्यानं येत नाही. मेंदूच्या बुडाशी एक बारकी गाठ असते. म्हशीनं पारडू हुंगलं, चाटलं, की त्या गाठीतून एक रस रक्तात सुटते. हार्मोन म्हणतात त्याले. तो कासेत पोचला की पान्हा. अन् जनावर भेलं, बिथरलं, की दुसराच रस सुटते अन् पहिल्याची वाट अडवते. चांदरीच्या कासेत दूध हाय, फक्त सुटून नाही राहिलं."

"मंग कातडं कायले लागे?" मी विचारलं.

"वळखीची खूण म्हणून. खूण दुसरी बी चालते, आई. आवाजाची, हाताची. पारड्याबिगर चांदरीले कोणाची वळख हाय?"

सारे माह्याकडे पाहाले लागले.

चांदरी लहान होती तवा पाटलानं ती आमाले अर्धलीनं देल्ली होती. जनावर त्याचं, चारापाणी अन् मेहनत आमची, मोठं झालं की किमतीत दोघं सारखे. तिचं पहिलं वेत माह्याच दारात झालं. "हो माय, हो माय" म्हणत मीच तिची धार काढायची. मंग पाटील तिले घेऊन गेला. आमच्या घरचं जनावर त्याले चाले, आमच्या हातचं दूध नाही चालत.

"या जाईनं धार काढायची?" पाटील माह्याकडे पाहून घुटमळला.

"वा रे वा! माह्या माणसानं कातडं काढलेलं चालते, अन् म्या धार काढलेली नाही चालत?"

पाटलानं मान वळवली. आमच्या अंगणाबाहेर निंबाखाली रुख्मिणी पोरीले घेऊन उभी होती. पोरगी रडून रडून थकली होती, नुसती कण्हत होती. माहा धर्मपाल मिशीवाला झाला, तरी तो आवाज कानावर पडला अन् माह्या छातीत कळ आली. मी उठली. बुढ्यानं सुरी वळचणीत खोसली.

गोठ्यात चांदरी डोळे फिरवून राहिली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवला. "हो माय, हो माय." तिनं कान हलवले, माहा खांदा हुंगला, मंग चाटाले लागली. खरखरीत जीभ! मी रडली, खोटं कायले सांगू? तिचं बी लेकरू गेलं होतं. सड भरून आले अन् पितळेच्या बादलीत धार वाजली. रुख्मिणीनं बादली माह्या हातातूनच ओढून घेतली. शिवाशिव ना तिच्या ध्यानात आली, ना माह्या. पोरगी घटाघटा प्याली.

संध्याकाळी मी पुन्हा गेली. बादली खुंटीले टांगलेली, बूड काळंठिक्कर. मले समजाले वेळ नाही लागला. जाळावर धरून शुद्ध केलेली होती.

 मी तशीच धारेले बसली. "हो माय" म्हटलं, पण माहा आवाज मलेच परका वाटला.  चांदरीनं लाथ झाडली. एक थेंब नाही. धर्मपाल म्हणे तो दुसरा रस आता माह्यात उसळला होता, अन् तो तिले कळला.

रुख्मिणी पोरीले घेऊन आली. "काहून वं? सकाळी तं देल्लं."

"बादली जाळली तुमी, पाटलीणबाई."

तिची मान खाली गेली. "आमच्या यायनं जाळली," ती हळूच म्हणे.

"अन् तुमी पाहत राहिल्या ना?"

 रुख्मिणी खाली वाकली अन् पोरगी माह्या मांडीवर ठेवली. "घे."

पोरगी माह्या लुगड्यात तोंड खुपसून शोधाले लागली. काय सांगू, राग कुठं गेला कोण जाणे! मी तिले उराशी धरलं, चांदरीले पाठ टेकली अन् म्हटलं, "हो माय, हो माय." चांदरीनं वरून पोरीची टाळू हुंगली. सडातून दूध ठिबकाले लागलं. माहे हात गुंतलेले. रुख्मिणीनं पदर खोचला, ती काळी बादली खाली लावली अन् सोताच धार काढाले बसली.

तेवढ्यात खुशालराव दारात आला. हातात कुदळ, धोतर मातीनं भरलेलं. दिवसभर कोणी मिळालं नाही, म्हणून पारडू त्यानं सोताच ओढत नेलं अन् बांधावर पुरलं होतं. त्यानं आमाले पाहिलं.

"पोरगी तिच्या मांडीवर?"

रुख्मिणीनं धार थांबवली नाही. मान बी वळवली नाही.

"मंग? बादलीसारखं हिले बी जाळावर धरू काय?"

खुशालरावानं मेलं पारडू ओढलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. मंग त्यानं कुदळ भिंतीले टेकवली अन् हात धुवाले गेला.