मिस्त्रींनी ऐकून आणलेलं इंजिन

"दे रेस! अजून दे!" मिस्त्री ओरडले. हल्ली ते साधं बोलतानाही ओरडत. म्हातारा तापट झालाय, असं लोक म्हणत आणि मिस्त्री ते खुशाल म्हणू देत. तापट मिस्त्रीकडे गिऱ्हाईक येतं, बहिऱ्याकडे कोण येणार?

दूधवाल्याने पिकअपला रेस दिली. गाडीचं मूळचं इंजिन फुटलं, तेव्हा मिस्त्रीच म्हणाले होते, "नव्या इंजिनात नुसत्या वायरी. जुन्या बनावटीचं टाकू. मी स्वतः ऐकून आणतो." मग आठवडाभर खपून, इंजिन ज्यावर बसतं ते जुने पाय कापून, नवे वेल्ड करून त्यांनी ते बसवलं होतं.

लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्यांनी मूठ कानाला लावली. मान अशी डोलावली, की गवयानेही बघत राहावं. मग हळूच बायकोकडे पाहिलं. दाराशी बसून ती नटबोल्ट निवडायची. आवाज बरा असला की निवडणं चालू, बिघडला की चष्मा पुसायचा, असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. भंगारवाल्याकडे मात्र मिस्त्री एकटेच गेले होते. इंजिन घ्यायला बायकोला काय न्यायचं!

बायकोने चष्मा काढला होता. पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली घेतला. "ठोकतंय का रे?"

"नाही हो, मस्त आहे," दूधवाला म्हणाला. ओठ कळले, पण त्याचं उतरलेलं तोंड त्याहून आधी कळलं.

"बंद कर. वाटेत फुटेल."

बायको उठून आली. "यांना ऐकू येत नाही रे," ती म्हणाली. "आता कशाला लपवायचं?"

"माहीत आहे, काकू. सगळ्यांनाच माहीत आहे."

सगळ्यांनाच. हा शब्द मिस्त्रींनी त्याच्या ओठांवर स्वच्छ वाचला. गेल्या काही महिन्यांत गॅरेज ओस का पडलं, ते त्यांना आत्ता कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तू का आलास?"

"बाबांची गाडी तुम्हीच सांभाळलीत ना," दूधवाला म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

गाडी पुलापलीकडच्या गॅरेजात न्यायचं ठरलं. दूधवाल्याच्या भावाने टेम्पो आणला, दोर बांधला. मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला दूधवाला निघाला, तर मिस्त्रींनी त्याला बाजूला सारलं.

"इंजिन बंद असलं की ब्रेक जड जातो. तुला जमायचं नाही."

"अहो, तुम्ही कशाला तिथे?" बायको म्हणाली. मिस्त्री तोवर आत बसले होते.

वरात भर बाजारातून निघाली. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. कुणी हाकही मारली असेल. मिस्त्रींनी मान वळवली नाही. ब्रेकवर पाय अलगद ठेवून त्यांनी पुलापर्यंत दोर कुठेही सैल पडू दिला नाही.