साखर आणणारं पत्र

या, असं पुढं येऊन बसा. मागं भिंतीला टेकलं की डुलकी लागते, आणि ही गोष्ट डुलकीत निसटून जावी एवढी लहान आहे. पनवेलजवळच्या सुकापूरची, एका पत्राची गोष्ट. आता तिथं इमारतींची दाटी झाली आहे. त्या इमारतींच्या विटा डोक्यावरून वर चढत होत्या, तेव्हाची ही.

सुकापुरात चंद्रावतीबाई राहत. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि कीर्तनाच्या वेड्या. कीर्तन नवीन पनवेलच्या देवळात असो की कुणाच्या गच्चीवर, बाई पहिल्या रांगेत. आरती झाल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा नेम. श्रावणात देवळात सप्ताह बसे, त्यासाठी देणगीदारांना पत्रं बाईच लिहीत. आधी गणरायाला वंदन, मग पांडुरंगाला, मग संतांना, मग देणाऱ्याच्या वाडवडिलांच्या पुण्याईला. मागणी येई ती पानाच्या मागच्या बाजूला, पदराआड लपवल्यासारखी. पण पत्राला यश होतं. गावात त्याची चर्चा होती.

ती चर्चा शुक्रीच्याही कानावर होती. शुक्री कातकरवाडीतली. बाईंच्या घरासमोर इमारतीचं काम चाललं होतं, तिथं ती विटा वाहायची आणि दुपारी बाईंच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. एक दिवस तांब्या खाली ठेवत ती म्हणाली, "बाई, तुमच्या कागदानं मंडप येतो, सतरंज्या येतात, साखरेचं पोतं येतं. माज्या रोहिणीसाठी बी एक कागद लिवा. तिला दुकान पायजे."

"दुकान?"

"टाकायला नाय वो. शिकायला."

रोहिणी ही शुक्रीची थोरली. खारघरच्या कॉलेजात तिनं औषधशास्त्राचा डिप्लोमा केला होता. परीक्षा पास झाली होती, पण त्यानंतर तीन महिने एखाद्या मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्टच्या हाताखाली काम केल्याशिवाय नावाची नोंदणी होत नाही. बाकीच्या मुलींना कुणाचा काका होता, कुणाचा मेव्हणा. रोहिणीला नवीन पनवेलमधल्या दोन दुकानांनी मान वर न करता नाही म्हटलं होतं. महिनाअखेरीस दुकानाचं संमतीपत्र कॉलेजात गेलं नाही, तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार. आणि दिवाळी झाली की घरचे सगळे वीटभट्टीवर निघत. एकदा पोरगी भट्टीवर गेली की परत पुस्तकांकडे येते का, याची खात्री शुक्रीलाही नव्हती आणि रोहिणीलाही.

बाईंनी दुकान ठरवलं ते शकीलभाईंचं. जुन्या पनवेलच्या बाजारातलं. शकीलभाई कोकणी मुसलमान, स्वतः फार्मासिस्ट. त्यांचे वडील सप्ताहाच्या शिऱ्याला साखर द्यायचे, म्हणून तेही दर वर्षी देत. "माझ्या पत्राला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून लिहायला बसल्या.

रोहिणी समोर बसली होती. जरा वेळानं म्हणाली, "बाई, एक घालाल का? आईला मागं ताप होता तेव्हा त्यांनीच गोळ्या दिल्या होत्या. आईला वाचता येत नाही म्हणून पाकिटावर पेनानं सूर्य काढला आणि दुसऱ्यावर चंद्र. सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते कळावं म्हणून. आम्हाला कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही."

"गोड आहे गं," बाई म्हणाल्या, "पण पत्राला शोभत नाही."

पत्र झालं. पहिलं पान पूर्ण भरलं, तेव्हा कुठं शकीलभाईंच्या आजोबांपर्यंत गाडी आली होती. रोहिणीचं नाव मागच्या पानावर आलं, खालून तिसऱ्या ओळीत.

दुसऱ्या दिवशी रोहिणी ते घेऊन दुकानात गेली. काउंटरवर गर्दी होती. शकीलभाईंनी अक्षर ओळखलं, वरच्या चार ओळी वाचल्या, हसले आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "चंद्रावतीबाईंचं ना? होऊन जाईल म्हणावं. बेटा, जरा बाजूला हो, या आजोबांना पुढं येऊ दे."

रोहिणी बाजूला झाली, आणि तशीच घरी आली. होऊन जाईल म्हणाले, एवढंच तिनं सांगितलं. शुक्रीनं वाडीतल्या देवाला नारळ फोडला. बाईंनी खोबरं खाल्लं आणि म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं?"

संध्याकाळच्या आत बाईंच्या दारात हातगाडी थांबली. गाडीवर साखरेचं पोतं.

"सप्ताहाची साखर," हमाल म्हणाला. "भाईंनी सलाम सांगितलाय. या वर्षी पत्र लवकर आलं म्हणाले."

समोरून डोक्यावरची पाटी तशीच ठेवून शुक्री आली. तिनं पोत्याला हात लावून पाहिला. हसली नाही, रागावली नाही. "तुमचा कागद लई सवयीचा हाय बाई," ती म्हणाली. "त्याला साखरच आणता येते."

बाईंनी पत्राचा कच्चा खर्डा काढून वाचला. त्यात काही चुकलेलं नव्हतं. देणगीचं पत्र म्हणून ते उत्तम होतं.

"मी स्वतः जाते," बाई म्हणाल्या. "समोर बसून सांगते."

रोहिणीनं मान हलवली. "तुम्ही गेलात तर ते तुमच्यासाठी हो म्हणतील. मग तीन महिने मी तिथं बाईंची पोरगी म्हणून बसणार. चुकलं तरी कुणी बोलणार नाही, आणि शिकवणारही नाही."

बाईंनी खर्डा घडी घालून ठेवला. त्या दिवशी एकादशी होती. त्या कीर्तनाला गेल्या. बुवा उभे राहिले, नमन झालं, ते त्यांनी एका दमात आटपलं. मग आजचा अभंग म्हटला. सगळाच्या सगळा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग टाळ थांबले आणि बुवा पहिल्या चरणाचा अर्थ सांगू लागले.

बाईंनी अशी कीर्तनं आयुष्यभर ऐकली होती. मागच्या रांगेत एका बाईचं मूल रडलं, ती त्याला घेऊन उठली आणि गेली. चंद्रावतीबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. उठून गेली खरी, पण आज बुवा कशावर बोलणार हे ती बरोबर घेऊन गेली होती. अभंग आधीच तिच्या पदरात पडला होता. आणि आपण त्या दुकानदाराला नुसतं निरूपण पाठवलं, तेही काउंटरवर गिऱ्हाइकं उभी असताना.

बाई उठल्या. शेजारणीला वाटलं, बरं वाटत नसेल. कारण आरतीआधी चंद्रावतीबाई उठल्या, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. दारात त्यांनी देवाकडे वळून हात जोडले आणि रिक्षा करून वाडी गाठली.

शुक्री चुलीशी होती. "कीर्तन सुटलं?"

"नाही. मीच उठून आले. रोहिणी, कागद आण. तुझ्या अक्षरात लिही. मी नुसती बसते."

"वंदन कुणाला करू?"

"कुणालाच नको. ते माझ्याकडून झालंय कालच, गाडीभर. पहिल्या ओळीत काय हवंय ते लिही."

रोहिणीनं लिहिलं: मला तुमच्या दुकानात तीन महिने तुमच्या हाताखाली काम शिकायचं आहे. खाली शिक्षण लिहिलं, संमतीपत्र कधीपर्यंत हवं ते लिहिलं, आणि दोन दुकानांनी नाही म्हटल्याचंही लिहिलं. मग तिनं बाईंकडे पाहिलं.

"घाल," बाई म्हणाल्या. "सूर्य घाल आणि चंद्र घाल."

सकाळी रोहिणी एकटीच गेली. शकीलभाईंनी एका हातानं खोकल्याची बाटली पिशवीत टाकत दुसऱ्या हातानं पत्र उघडलं. पहिली ओळ वाचून बाटलीचा हात थांबला. मग ड्रॉवर उघडून त्यांनी जुनं पत्र काढलं, उलटं केलं, खालून तिसरी ओळ शोधली.

"या अल्ला," ते हळूच म्हणाले. "आणि मी साखर पाठवली."

"परत आणायची का?"

"कशाला? सप्ताह व्हायचाच आहे." त्यांनी नवं पत्र पुन्हा वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. गिऱ्हाईक चुळबुळत होतं. "तुझ्या आईला आठवतं ते?"

"पाकीट ठेवलंय तिनं. गोळ्या संपल्या तरी."

शकीलभाईंनी पत्राची घडी खिशात ठेवली. "सोमवारपासून ये," ते म्हणाले. "आधी नुसती कपाटं लावायची. कुठली गोळी कुठं, हे डोळे मिटून सांगता आलं की मग काउंटर. चुकलीस तर ओरडेन, आधीच सांगतो."

"चालेल," रोहिणी म्हणाली. संमतीपत्रावर शिक्का मारून ते त्यांनी तिच्या हातात दिलं.

तीन महिने झाले, नावाची नोंदणीही झाली. त्या वर्षी दिवाळीनंतर घरचे भट्टीवर गेले, रोहिणी गेली नाही. चंद्रावतीबाईंची सप्ताहाची पत्रं पुढेही चालू राहिली, पण मागणी वर आली आणि वाडवडील खाली गेले. बुवांची त्यांनी अर्ध्यातून उठल्याबद्दल माफी मागितली, तेव्हा बुवांना ते आठवतही नव्हतं.

साखर सप्ताहातच लागली. शेवटच्या दिवशी त्या शिऱ्याचा द्रोण घेऊन बाई समोरच्या इमारतीत गेल्या. शुक्रीनं पाटी उतरवली, चाटून पुसून खाल्लं आणि म्हणाली, "गोड हाय. माज्या पोरीच्या कागदाची साखर हाय ना ही."

एवढीच गोष्ट. उठायच्या आधी एक मागणं आहे. सप्ताहात कधी ओंजळीत शिरा पडला, किंवा औषधाच्या पाकिटावर कुणी पेनानं सूर्य काढून दिला, तर त्या शुक्रीची आठवण ठेवा.