पंच्याण्णव गुणांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी टेबल आहे आणि सध्या मी रागात आहे. लाकडाला राग येत नाही, असं तुम्हाला विज्ञानात शिकवलं असेल. ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवा.

माझा जन्म गोंदियातल्या एका सुताराच्या अंगणात झाला. त्यानं मला आठ माणसं ऐसपैस बसतील एवढं लांब केलं आणि कॉलेजच्या वाचनालयात पोचवलं. तिथं तर्कशास्त्र शिकवणाऱ्या अनुसयाबाई मुलांना माझ्याभोवती बसवायच्या. ज्याचा निबंध, त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि तिसऱ्या ओळीलाच थांबवायच्या. "हे तू विचार करून लिहिलंस, की कुठं ऐकलंस?" मुलं घामाघूम व्हायची. एक जण तर उत्तर सुचेपर्यंत माझ्या काठावर नखानं ओरखडे काढत बसायचा. आज तो इथल्या कोर्टात वकील आहे आणि समोरच्याला घाम फोडतो. माझ्यावर शाई सांडली, मुठी आदळल्या, बाईंच्या माघारी मला शिव्याही मिळाल्या. ते माझे सुखाचे दिवस.

बाई निवृत्त झाल्या. पुढे कॉलेजात ऑनर्स आलं. म्हणजे पदवी तीन वर्षांत मिळतेच, पण ज्याला विषयात खोल उतरायचं आहे त्यानं चौथं वर्ष शिकायचं. मलाही बढती मिळाली. ऑनर्सच्या खोलीत नेऊन माझ्यावर काच बसवली, काचेवर मखमली कापड घातलं, कापडावर प्लास्टिकची फुलं ठेवली. खोल उतरायची सोय तेवढी राहून गेली.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला हात आखडता घेता येत नाही. जो 'नको' म्हणतो त्याच्या पानात दोन जास्तच पडतात. रीत चांगली आहे. विभागप्रमुख धनेंद्र सरांनी तीच मार्कांना लावली. चौथ्या वर्षी प्रत्येकानं एक प्रबंध लिहायचा आणि बाहेरगावच्या परीक्षकापुढे तोंडी परीक्षा द्यायची. परीक्षक येतात. त्यांना शाल मिळते, गरम समोसे येतात. मग प्रश्न सुरू होतात.

"गाव कोणतं?"

"सालेकसा, सर."

"वा! म्हणजे कचारगडची गुहा पाहिली असेल?"

"हो सर."

"छान. नव्वद."

प्रबंध तोवर समोशांच्या बशीखाली असतो. तेल पानात उतरतं. त्यात तेवढंच काय ते उतरतं.

गेल्या उन्हाळ्यात दवनीवाड्याची गुंजन वडिलांना, बिसरामभाऊंना, घेऊन आली. याच कॉलेजात तिची तीन वर्षं झाली होती आणि तिला वकील व्हायचं होतं. नागपूरला कायद्याच्या कॉलेजात जागा मिळत होती, पण आठवडाभरात हो की नाही ते कळवायचं होतं. इथं चौथ्या वर्षी खरोखर घासून घेणार असतील, तर एक वर्ष द्यायला ती तयार होती. म्हणून तिनं तीन पानांचा एक निबंध सरांकडे आधीच देऊन ठेवला होता आणि यातल्या चुका काढा, अशी विनंती केली होती. विषय होता, बोदलकशाच्या तलावातलं पाणी कमी पडलं तर पहिला हक्क कोणाचा, धानवाल्यांचा की मासेमारांचा.

"पंच्याण्णव!" सर म्हणाले. "गुंजन बेटा, एकही चूक नाही. कमाल आहे!"

बिसरामभाऊ फुलले. "आयकलं? पंच्याण्णव! आता नागपूरले कायले जातेस? घरून येनं-जानं कर, घरचा डब्बा खा."

गुंजन हसली नाही. "सर, पहिल्या पानावर मी लिहिलंय की पहिला हक्क फक्त धानवाल्यांचा. तिसऱ्या पानावर लिहिलंय की पहिला हक्क फक्त मासेमारांचा. मुद्दाम लिहिलं. मग हक्क कोणाचा?"

सरांनी पानं पुढे-मागे केली. "दोघांचाही! यालाच समन्वय म्हणतात."

"सर, दोन्हीकडे 'फक्त' आहे."

"बरं, मग ऐंशी करतो."

मित्रांनो, बाजारात वांगी विकणारी बाईसुद्धा इतक्या लवकर भाव सोडत नाही.

"मला मार्क नको होते सर," गुंजन म्हणाली. "चूक पाहिजे होती."

"तोंड सांभाळ!" बिसरामभाऊ भडकले. "सरायची परीक्षा घेऊन राहिली काय तू? काऊन असा अपमान करून राहिली?"

"बाबा, उद्या मी कोर्टात उभी राहीन. तिथं समोरचा वकील मले समोसा चारनार हाये काय? तो माही चूक पकडन आन कोन्या गरिबाची जमीन जाईन. तवा त्याले सांगू काय, का मले पंच्याण्णव होते?"

तिनं निबंध उचलला आणि ती बाहेर गेली.

बिसरामभाऊ उठले नाहीत. मग हळूच म्हणाले, "सर, खरं सांगा. वाचलंच नोतं काय?"

सर प्लास्टिकची फुलं नीट लावत होते. "वाचलं होतं, बिसरामभाऊ. तिसऱ्या पानावर अडखळलोही. म्हटलं जाऊ द्या, पोरगी आपलीच आहे."

"आपली हाये," बिसरामभाऊ म्हणाले, "म्हनूनच तं सांगाचं होतं ना, सर."

दुसऱ्या दिवशी तिचा दाखला न्यायला तेच आले. गुंजन नागपूरला गेली. सर वाईट माणूस नाहीत हो. आजवर कोणाचं मन म्हणून त्यांनी दुखवलेलं नाही, आणि माझा सगळा संताप नेमका त्याचाच आहे.

आता शेवटी मी 'मला पुसत जा, माझी काळजी घ्या' असं काहीतरी म्हणावं, अशी तुमची अपेक्षा असणार. नाही म्हणत. मला पुसणारे पुष्कळ आहेत. पण तुमचं लिहिलेलं न तपासता कोणी 'छान' म्हणालं, तर आभार मानू नका. रागवा. कागद परत पुढे सरकवा आणि चूक दाखवा म्हणून हटून बसा. कारण गुंजन उठून गेली, तिचं ती बघेल. तिच्या वर्गातली बाकीची पोरं मात्र चौथ्या वर्षाला नाव घालून याच खोलीत बसली. उद्या त्यांची तोंडी परीक्षा आहे आणि ती फार खुशीत आहेत. काळजी घ्यायचीच असेल, तर त्यांची घ्या.