एकदा खड्डा, दोनदा थांब

मला ऐकू येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी ओरडायला नको. माझे कान आता चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते उरलेत. कानातलं यंत्र घरात थोडंफार कामाचं, पण सायकलवर वाऱ्यात ते नुसतं घोंघावतं. मी ओठांवरून बोलणं वाचते, आणि विस्कॉन्सिनच्या आमच्या या गावात मिशीवाले पुरुष फार, त्यामुळे निम्मं गाव माझ्यापुरतं मुकंच आहे.

आर्विडलाही मिशी होती. माझे कान गेले त्या वर्षी तो एका सकाळी ती काढूनच नाश्त्याला आला. का काढली ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. नवरा म्हणून माणूस असा होता.

मग म्हातारपणी त्याच्या डोक्यात खूळ शिरलं आणि त्यानं दोन सीटांची सायकल आणली. पुढे तो, मागे मी. अशा सायकलवर ब्रेक आणि दिशा सगळी पुढच्याच्या हातात. खड्डा आला, पायडल थांबवायचं झालं, की त्यानं ओरडून मागच्याला सांगायचं. आता मी मागून बघणार काय? त्याची पाठ. पाठीला ओठ नसतात. पहिल्याच महिन्यात आम्ही चरात पडलो. चिखलात बसून मी त्याला जे काही बोलले ते अख्ख्या गावानं ऐकलं म्हणे. मला ऐकू आलं नाही, एवढंच.

आर्विडचा जन्म चीजच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. त्यानं तिथे कितीतरी सुधारणा केल्या, पण प्रत्येकीवर नाव लागलं कारखान्याचं. त्या चरातून उठला तो सरळ गॅरेजमध्ये जाऊन बसला. काही आठवड्यांनी मला सायकलवर बसवलं. त्याच्या हँडलवर अंगठ्याजवळ एक छोटी खटकी, तिथून ब्रेकची जुनी तार मागे आलेली, आणि माझ्या अंगठ्याखाली पितळेचं बटण. त्यानं खटकी दाबली की बटण वर येऊन माझ्या अंगठ्याला ढोसायचं. एकदा म्हणजे खड्डा. दोनदा म्हणजे पायडल थांबव.

"याचं पेटंट घेऊ या," तो म्हणाला. "एक तरी वस्तू माझ्या नावाची असू दे, मार्गिट."

तो कधी काही मागायचा नाही. म्हणून हे मागणं माझ्या मनात रुतून बसलं.

जूनमध्ये आमच्या सायकल क्लबची चेरी पायची सहल असते; पाय म्हणजे आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. सगळ्यांनी पल्याडच्या गावातल्या हॉटेलापर्यंत सायकल मारायची आणि तिथे पाय खायचा. क्लबचा रिवाज असा, की ज्याच्या सायकलवर काही नवं असेल त्यानं ती भिंतीला लावायची आणि सगळ्यांना चालवू द्यायची. लपवलं तर पाय नाही. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये दोघं दोघं आमच्या सायकलवर बसून हॉटेलाला चकरा मारत होते. खटकी दाबून एकमेकांना छळत होते. आर्विड दारात उभा, हनुवटीवर चेरीचा रस, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. त्याला इतकं आनंदात मी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. लग्नात तो नुसता घाबरलेला होता.

परत येताना मक्याच्या शेताजवळच्या सरळ रस्त्यावर बटण तीनदा आलं. खड्डा नाही, काही नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "तीनदा म्हणजे काय रे?"

त्याचे कान लाल झाले. "हात चुकला."

पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावर पुन्हा हात चुकला. मग दर रविवारी चुकायला लागला.

"अरे, पण मी उत्तर कसं देऊ?" एकदा मी म्हटलं. "तार तर तुझ्याच बाजूनं चालते."

तो विचारात पडला. "खरंच की. म्हणजे हे अर्धंच झालंय. थांब, तुझ्या बाजूनंही एक तार घालतो, मग अर्ज करू. अर्ध्या कामावर नाव कशाला?"

वसंतात घालणार होता. जानेवारीत बर्फ काढायला बाहेर गेला आणि अंगणातच आडवा झाला.

मी या ऑगस्टमध्ये वकिलीणबाईंकडे गेले. केंड्रा वोल्कर, वय लहान, ओठ स्पष्ट. त्यांनी सांगितलं, नवरा गेला असला तरी त्याच्या नावानं अर्ज करता येतो. मात्र वस्तू चारचौघांत वापरली गेली त्याला वर्ष उलटलं असेल तर पेटंट मिळत नाही. "तेव्हा नीट आठवा, मिसेस टॉलफसन. तुम्हा दोघांशिवाय कुणी ती वापरली होती का? पुढच्या आठवड्यात सांगा. शपथेवर लिहून द्यावं लागेल."

मी घरी येऊन ड्वेनला बोलावलं. ड्वेन कुबिचेक क्लबचा म्होरक्या, आर्विडचा जिवलग. मिशीवाला आहे, म्हणून माझ्याशी बोलताना ती दोन बोटांनी वर धरतो.

"कोण म्हणतो वापरली?" तो म्हणाला. "मी तर कधी बघितलीच नाही. आपल्या क्लबातल्या निम्म्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही. कुणी तोंड उघडणार नाही, मार्गिट. आर्विडसाठी एवढं नाही करायचं?"

मी हो म्हटलं. आठवडाभर आरशासमोर पाठ केलं: कुणी वापरली नाही, आम्ही दोघंच.

वोल्करबाईंनी आधी सगळी रचना विचारून घेतली. "एकदा खड्डा, दोनदा थांब. आणखी काही खूण?"

"नाही," मी म्हटलं. ते सांगायला मी बांधलेली नव्हते.

"आणि मागच्या ऑगस्टच्या आधी तुम्हा दोघांशिवाय कुणी ही चालवली होती?"

मी तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. एक शब्द, की आर्विडचं नाव लागलं. पण नाही म्हटलं की तो दारात उभा नव्हता. हनुवटीवर रस नव्हता, तो हसला नव्हता. शपथेवर लिहून द्यायचं की तो दिवस झालाच नाही. माझ्याकडे त्याचे आता नवे दिवस येणार नाहीत हो. आहेत त्यातला सगळ्यात चांगला मी कागदासाठी कसा देऊन टाकू?

"सगळ्यांनी चालवली," मी म्हटलं. आणि मग थांबलेच नाही. चेरी पायबद्दल सांगितलं, चकरांबद्दल सांगितलं, त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल सांगितलं. बाईंनी लिहिणं केव्हा थांबवलं ते मला कळलं नाही.

"मग नाही होणार," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटतं."

"मलाही," मी म्हटलं.

ड्वेन चिडला. "कमाल आहे तुझी," म्हणाला, आणि मिशीवरची बोटं काढून पुढेही बरंच काही म्हणाला, ते मी वाचू शकले नाही. पण रविवारी तोच दारात आला. आर्विडची सायकल गॅरेजमध्ये गंजू देणार नाही म्हणाला, आणि पुढच्या सीटवर बसला.

तो चांगला चालवतो. खड्ड्याला एकदा, थांबायला दोनदा, अगदी वेळेवर. मग मक्याचं शेत आलं, सरळ रस्ता आला. माझा अंगठा बटणावर होता. ड्वेनला काही ठाऊक नाही, तो कशाला काही दाबेल? तरी मी वाट बघत होते. शेत संपेपर्यंत बघत होते.

मग मीच बटण दाबलं. तीनदा, चांगला जोर लावून. ते जरासुद्धा खाली गेलं नाही. पुढे ड्वेनला काही कळलं नाही, तो आपला पायडल मारत होता.

माझ्या बाजूची तार वसंतात घालायची होती.