नऊ माणसं

सल्लागार बाई स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवरचं माणसं मोजायचं यंत्र काढत होत्या. आत आलेल्यांचा आकडा त्यांनी बघितला. अख्ख्या आठवड्यात नऊ! शहरातल्या बावीस वाचनालयांत ही शाखा तळाला. अहवालात त्यांनी स्वच्छ लिहून टाकलं होतं, बंद करावी. समितीची बैठक अकराला होती. आता साडेदहा वाजले होते.

तेवढ्यात आतून हशा उसळला. चांगला वीस-पंचवीस जणांचा.

त्या धावतच मागच्या खोलीत गेल्या. तिथे नाटकाची तालीम रंगात आली होती. राजा झालेल्या आजोबांची मिशी ओघळत होती आणि राणी झालेली शिंपीणबाई ती बोटाने दाबून धरत आपली वाक्यं म्हणत होती. भिंतीलगतच्या बाकांवर लोक पुस्तकं मांडीवर ठेवून दाटीवाटीने बसले होते. रोज सकाळी यायचं, आकडा टिपायचा, निघायचं. इतक्या आत डोकावायला बाईंना वेळ कुठला?

"काका, ही सगळी आली कुठून?"

"मागच्या दाराने," ग्रंथपाल म्हणाले. "पुढचं फार करकरतं हो. नेमकं रडायच्या वाक्याला करकरलं की सगळे फिदीफिदी हसतात. म्हणून ठरलंय, आपली माणसं मागून."

"मग माझे नऊ कोण?"

काकांनी बोटांवर मोजलं. "पोस्टमन दोनदा. बाकी सात वेळा तुम्हीच."

"अहो, मग बोलायचं नाही का!"

"यंत्र दाराला लावलंत. मला वाटलं, दाराचीच काहीतरी तपासणी असेल. काल कुणीतरी म्हणालं, शाखा बंद होणार, तेव्हापासून जिवात जीव नाही माझ्या."

बाईंनी अध्यक्षांना फोन लावला. चूक कबूल केली की बाकीच्या शाखांचं कामही जाणार, नावही जाणार. जाऊ दे, मेलं!

"साहेब, अहवाल चुकलाय. चूक माझीच आहे. बैठकीआधी..."

"बैठक? अहो, सगळे लवकर जमले, दहालाच उरकली! तुमचा अहवाल इतका स्पष्ट, चर्चाच करावी लागली नाही. सह्या झाल्या, पत्रही निघालं."

"पण साहेब..."

"संध्याकाळी बोलू." फोन बंद झाला.

काकांना फक्त बाईंचंच बोलणं ऐकू आलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"चूक माझी म्हणायला मोठं मन लागतं, मॅडम." आणि बाई तोंड उघडायच्या आत ते खोलीकडे वळून ओरडले, "ऐका हो सगळे! बाईंनी साहेबांना सांगितलं! आपण वाचलो!"

टाळ्या सुरू झाल्या. शिंपीणबाईने तर येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. टाळ्या थांबेपर्यंत बाई तशाच उभ्या राहिल्या.

"काका," मग त्या हळूच म्हणाल्या, "जरा बाहेर येता?"