सिद्धम्माची मिशी

निलंग्याच्या गुरुबसप्पा मूर्तिकारांनी उभ्या जन्मात बायकोपासून एकच गोष्ट लपवली, आणि तीही गावोगावच्या चौकात उभी करून.

नव्या लग्नाचे दिवस होते तेव्हा त्यांनी सिद्धम्माला समोर बसवून शाडूत तिचा चेहरा घडवला होता. भक्कम नाक, रुंद कपाळ, आणि लहानपणी उंबऱ्यावर आपटून हनुवटीला पडलेली खोक. साचाही काढला. मूर्ती ब्राँझमध्ये ओतायची होती, पण ब्राँझ कुठलं परवडायला? पुढच्या वर्षी बघू म्हणता म्हणता साचा माळ्यावर गेला आणि सिद्धम्मा विचारून विचारून दमली.

गुरुबसप्पांनी साठी ओलांडली. बोटं थरथरायला लागली. आणि गिऱ्हाइकं अशी, की वडिलांचा पुतळा तर पाहिजे, पण जिवंतपणी वडिलांवर केला नाही तेवढाही खर्च पुतळ्यावर करायचा नाही. ब्राँझ जाऊन फायबर आलं. तेही लोकांना महाग वाटायला लागलं, तेव्हा गुरुबसप्पांना माळा आठवला. माती मळायला नको, महिनाभर डोळे फोडायला नकोत. साच्यातून तोंड काढायचं, वर फेटा, खाली मिशी, की झाले कुणाचेही वडील. मिशी नसलेल्यांना चष्मा. माणसं पुतळ्यात आधी फेटा बघतात, मग मिशी, आणि तोवर त्यांचे डोळे भरून येतात. नाकापर्यंत कुणी पोचतच नाही. प्रत्येक घरानं हुबेहूब म्हणत हार घातला. येत्या दिवाळीला काम कायमचं बंदच करायचं होतं, तोवर निभेल असा त्यांचा हिशेब होता. सिद्धम्मा गुडघ्यांपायी कुठल्या अनावरणाला येत नव्हती, ही महादेवाची कृपा.

पण मलप्पा अण्णा वारले, आणि त्यांची बायको पार्वतम्मा ही सिद्धम्माची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला तिनं येऊ नये म्हणून गुरुबसप्पांनी उन्हाची, गर्दीची भीती घालून बघितली. सिद्धम्मा गुडघ्यांना तेल चोळून निघालीच.

पडदा सरकला, आणि भरघोस मिशीतली सिद्धम्मा जमलेल्या गावाकडे बघायला लागली.

खऱ्या सिद्धम्मानं पुतळा निरखला आणि तिचा हात आपसूक स्वतःच्या हनुवटीवर गेला. गुरुबसप्पा गर्दीत मागं सरकले. ही आता चारचौघांत बोलली, तर जन्मभराची अब्रू मांडवातच जाणार होती. पण शेजारी पार्वतम्मा हुंदके देत होती. सिद्धम्मानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि, अगदी अण्णाच बघ, म्हणाली. गुरुबसप्पांना बायकोचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज.

परतताना एसटीत ती चौक आला की वाकून बाहेर बघत होती.

“किती जागी हाय मी?” तिनं शेवटी विचारलं.

“लई जागी,” ते खिडकीकडे बघत म्हणाले.

“इतक्या बार केलं मला. एकदाबी बिनमिशीचं न्हाई.”

दुसऱ्याच दिवशी गुरुबसप्पांनी साच्यातून तिच्यासाठी तोंड काढलं. अंबाडा आणि पदर मागाहून चढवायचा होता, पण तिला कुठला दम निघतोय? तिनं ते तसंच अंगणात पाटावर ठेवायला लावलं आणि येता-जाता पदरानं पुसत राहिली.

तेवढ्यात पार्वतम्मा भेटायला आली. अंगणात पाऊल टाकताच थबकली. चपला काढल्या, डोईवरचा पदर पुढं ओढला आणि पाटासमोर उभी राहून हळूच म्हणाली, “मिशी कशापायी काढली हो तुमी?”

गुरुबसप्पांना हसू येत होतं आणि धरणी पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं. सिद्धम्मानं मैत्रिणीला हाताला धरून आत नेलं, चहा पाजला, वाटेला लावलं. मग ती स्टूल घेऊन बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उजेडाकडे तोंड करून बसली.

“ते तोंड ऱ्हाऊ द्या आता तिच्या मालकाला. माझं नवं करा, सुरकुत्यांसकट. दिवाळी जाऊ द्या पुढं. आन हे बघा,” तिनं हनुवटी वर केली, “स्वस्तात करू नका.”